दोन-अडीच लाख किलोमीटर चाललेली पिकअप घ्यायची का? कुठल्या क्रमाने ठरवायचं

जुनी पिकअप घेताना बहुतेक लोक क्रम उलटा लावतात. गाडी बघितली, रंग चकाचक, हौद्याला नवा पत्रा, सेल्फ एका झटक्यात लागला, की लगेच इसार हातात ठेवून मोकळे. मग कागद मागतात, मग कळतं की पासिंग (आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट) संपून वर्ष झालंय आणि फायनान्सचा बोजा अजून तसाच आहे, आणि सगळ्यात शेवटी मिस्त्रीला दाखवतात तेव्हा तो म्हणतो इंजिन बांधावं (पूर्ण उघडून दुरुस्त करावं) लागेल. तोवर इसार अडकलेला असतो, मग मन मारून घेतात लोक. पोटापाण्याची गाडी असते ही, कर्ज काढून घेतलेली असते, म्हणून काय आधी आणि काय नंतर ते नीट लिहितोय. उदाहरणं महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त अशा डिझेल गाड्यांची धरलीत.

किलोमीटरच्या नुसत्या आकड्यावर काहीच ठरवू नका. अडीच लाख चाललेली दुधाची गाडी दीड लाख चाललेल्या वीटभट्टीच्या गाडीपेक्षा चांगली निघते, खूपदा निघते. ते किलोमीटर काय भरून, कुठल्या रस्त्यावर झाले ते शोधायचंय आपल्याला.

## टप्पा १: घरी बसून हिशोब, गाडी बघायला जायच्या आधी

वही घ्या आणि वर्षाला किती फेऱ्या मारणार ते लिहा. समजा तुमचा टोमॅटो आहे, मार्केटला जाऊन-येऊन १२० किलोमीटर, भाड्याची गाडी एका फेरीला २,५०० घेते. सीझनला ६० फेऱ्या म्हणजे दीड लाख भाडं. स्वतःची गाडी असली तर १२ चं ॲव्हरेज धरून फेरीला १० लिटर, म्हणजे साधारण ९०० रुपये डिझेल, साठ फेऱ्यांचे ५४,०००. इन्शुरन्स २०,०००. पासिंग, टायर, ऑइल, किरकोळ काम मिळून ५०,००० धरा, जुन्या गाडीला एवढे लागतातच. झाले १ लाख २४ हजार. वाचले २६ हजार, तेही गाडी तुम्ही स्वतः चालवली तर आणि कर्जाचं व्याज सोडून. एवढ्यासाठी चार लाख अडकवायचे का?

तोच हिशोब १५० फेऱ्यांचा मांडा, डागडुजीला ५० ऐवजी ७० हजार धरा, तरी दीड लाखाच्या आसपास वाचतात. तिथे गाडी परवडते. आकडे तुमच्या भागातले टाका पण हे गणित केल्याशिवाय उठू नका.

दुसरं, गाडीच्या किमतीच्या वर निदान २० टक्के रक्कम बाजूला पाहिजे. चार लाख असतील तर तीन-सव्वातीनचीच गाडी शोधा. टायर, बॅटरी, क्लच प्लेट, इन्शुरन्स, नावावर करण्याचा खर्च हे सगळं पहिल्या दोन महिन्यांतच अंगावर येतं.

इन्शुरन्सचा अंदाज: २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) हप्ता १६,०४९ रुपये, वर जीएसटी. वैयक्तिक कारच्या हप्त्याशी तुलना करून बसलात तर फसाल.

## टप्पा २: फोनवरच चौकशी

जायच्या आधी विकणाऱ्याकडून गाडीचा नंबर आणि आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागवा. देत नसेल तर सोडून द्या, दुसरी गाडी बघा.

मग विचारा, गाडीत काय भरायचात? हा प्रश्न सगळ्यात जास्त माहिती देतो.

दुधाची किंवा किराणा डिलिव्हरीची गाडी असेल तर रनिंग भरपूर पण लोड बेताचा, रूट ठरलेला, इंजिन रोज नीट गरम होऊन चाललेलं. अशी गाडी बघायला जाण्यासारखी असते. भाजीपाला, कांद्याची गाडी मधली, सीझनमध्ये ओव्हरलोड चालते, घाट असेल तर क्लच आणि ब्रेक घासलेले. वाळू, खडी, विटा वाहिल्या असतील तर चासी आणि मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) मेलेले समजूनच बघा. आणि मासळीची गाडी, रत्नागिरी, मालवण पट्ट्यातली, ही वरून कितीही छान दिसू दे, बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून चासीवर गळत असतं, आतून पोखरलेली असते.

तुम्ही येणार त्या दिवशी सकाळी गाडी अजिबात चालू करू नका, हेही फोनवरच सांगून ठेवा. का ते चौथ्या टप्प्यात येईल.

## टप्पा ३: कागद, गाडीला हात लावायच्या आधी

एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. तिथे फिटनेस, इन्शुरन्स, टॅक्स, पीयूसी कधीपर्यंत आहे, फायनान्स कोणाचा आहे, गाडी ब्लॅकलिस्ट आहे का ते दिसतं. महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलनच्या साइटवर दंड वेगळा बघा, तो नंबरवर असतो, आज ना उद्या तुमच्या मागे लागणार.

यात लोक नेमकं कुठे चुकतात ते सांगतो.

पासिंग. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी असतं, आठ वर्षांनंतर दरवर्षी. विकणारा म्हणतो "पासिंग काय, होऊन जाईल". होत असतं तर त्यानेच केलं असतं आणि वीस-तीस हजार वाढवून मागितले असते. पासिंग संपलेली गाडी घ्यायचीच असेल तर पासिंग करून दे मग व्यवहार, असं सांगा. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो, भरलाय का बघा. पंधरा वर्षांच्या जवळ आलेली असेल तर पुढे फिटनेसची फी एकदम चढते, ती धरून भाव बोला.

बोजा. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर हप्ते फिटलेत हे तोंडी ऐकून चालत नाही. एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) पाहिजे. "बोजा उतरवायला टाकलाय" असं असेल तर उतरल्यावर फोन करा म्हणावं.

मालक कोण. आरसीवरचा माणूस आणि समोर बसलेला माणूस एकच आहे का? मधल्या कोणीतरी सह्या केलेल्या टीटीओ (मालकी बदलाच्या) फॉर्मवर गाडी घेऊन नावावर न करताच पुढे विकायला काढलेली असते, हे फार चालतं. आता ट्रान्सफरला मूळ मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो माणूस सापडला नाही तर गाडी तुमच्या अंगणात आणि नाव त्याचं. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने करून घेऊ द्या.

परमिट. आरसीवर ग्रॉस वजन (गाडी अधिक माल) बघा. ३,००० किलोपर्यंत मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, वर गेलं की लागतं. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार असतात, त्यामुळे नावावरून अंदाज बांधू नका.

परराज्यातली गाडी स्वस्त मिळते म्हणून धावू नका. तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला टॅक्स, नवा नंबर, हे सगळं मिळवून इथल्याच भावात जाते आणि महिने जातात ते वेगळेच. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (नवी सुरक्षित नंबरप्लेट) बसवलीय का तेही बघा, नसेल तर आरटीओची कामं अडतात.

इथे थांबा: वरच्यातलं एक जरी लटकलेलं असेल तर ते सुटेपर्यंत इसार नाही. "दुसरं गिऱ्हाईक येतंय संध्याकाळी" हे प्रत्येक गाडीच्या बाबतीत ऐकायला मिळतं.

## टप्पा ४: थंड इंजिन

सकाळी लवकर जा. बॉनेट उघडून इंजिनला हात लावा. कोमट जरी लागलं तरी कोणीतरी आधी चालू करून ठेवलंय, आणि डिझेल गाडीची निम्मी दुखणी थंड असतानाच दिसतात. सरळ सांगा, उद्या येतो. लाजायचं नाही यात.

चालू करायच्या आधी:
- डिपस्टिक काढा. डिझेलचं ऑइल काळंच असतं, त्याचं काही नाही. पण ऑइल फिल कॅपच्या आतल्या बाजूला चहाच्या सायीसारखा थर असेल तर पाणी मिसळतंय. ऑइल एकदम नवं आणि मधासारखं जाड असेल तर विचारा का बदललं, आवाज आणि धूर दाबायला जाड ऑइल ओततात.
- रेडिएटरचं झाकण, फक्त थंड असतानाच, उघडून बघा. वर तेलकट तवंग नको, गंजाचं लाल पाणी नको. नुसतं नळाचं पाणी असेल तर मालकाने कूलंट कधी टाकलंच नाही, म्हणजे बाकीची काळजी कशी घेतली असेल त्याचा अंदाज येतो.

आता सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मागे सायलेन्सरपाशी उभे राहा. पहिल्या झटक्याला थोडा धूर येऊन गेला तर चालतं. निळा धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय, रिंग, व्हॉल्व्ह किंवा टर्बो. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट. काळा धूर त्यामानाने स्वस्तातला, एअर फिल्टर, इंजेक्टर, पण कॉमन रेल गाडीचे चार इंजेक्टर काढावे लागले तर तेही स्वस्त राहत नाही.

यानंतरची चाचणी जास्त रनिंगच्या गाडीत सगळ्यात महत्त्वाची. इंजिन आयडलवर (ॲक्सिलेटर न दाबता चालू) ठेवून ऑइल फिल कॅप सैल करा आणि तशीच भोकावर नुसती टेकवून ठेवा. जुन्या इंजिनला थोडी वाफ येणारच. पण कॅप टणाटण उडायला लागली, हाताला भसाभस प्रेशर जाणवलं, तर कॉम्प्रेशन खाली उतरतंय, रिंग-लायनर संपलेत. चार-सहा महिन्यांत इंजिनचं काम निघणार हे धरूनच पुढे बोला, नाहीतर तिथूनच परत फिरा.

मीटर खरा आहे का: आठ वर्षांची धंद्याची गाडी मीटरवर ७०,००० दाखवत असेल तर वर्षाचे ३०० दिवस धरून दिवसाला २९ किलोमीटर पडतात. एवढ्यावर कुठला गाडीवाला घर चालवतो? क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेले, ड्रायव्हरच्या सीटची कड बसलेली, आणि मीटर लाखाच्या आत, हे जुळत नाही. दाराच्या खांबावर ऑइल बदलल्याचे जुने स्टिकर असतात त्यावरचे किलोमीटर वाचा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मालकालाच फोन करून गाडीची हिस्ट्री मागवायला लावा. मीटर फिरवलेला निघाला तर गाडी सोडा, कारण जिथे दिसतं तिथे खोटं बोललाय तर न दिसणाऱ्या ठिकाणचं काय?

## टप्पा ५: गाडीखाली झोपा

जुने कपडे घालून जा, टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर न्या. पिकअपमध्ये इंजिन बांधता येतं, गिअर बॉक्स बदलता येतो, पण चासी गेली की गाडी भंगार. आणि हाच टप्पा लोक सोडतात.

केबिनच्या मागे जिथे हौदा सुरू होतो तिथे चासीच्या दोन्ही पट्ट्या बघा, आणि मागच्या पाट्यांचे हँगर जिथे रिव्हेट केलेत तिथे बघा. ओव्हरलोडने तडा जातो तो बहुतेक इथेच. आडवा बारीक तडा, त्यातून ओघळलेला गंज, किंवा वेल्डिंगचा जाड ओरखडा आणि वरून पट्टी मारलेली. सगळी चासी नुकतीच काळ्या रंगाने रंगवलेली असेल तर आनंद मानू नका, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज यायला पाहिजे. बद्द आवाज आला, पापुद्रा सुटला, तर आतून गंज आहे. मासळीच्या गाडीत तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक पत्र्यातून आरपार जातं.

पाटे मोजा, दोन्ही बाजूंचे. कंपनीपेक्षा जास्तीचा पाटा टाकलेला असेल तर गाडी कायम ओव्हरलोड चाललीय, विकणारा काहीही सांगू दे. गाडी सपाटीवर उभी करून मागून बघा, एका अंगाला झुकलीय का.

हाऊजिंग (मागच्या ॲक्सलचा गोळा), गिअर बॉक्स, क्रँक सील इथे ओलावा बघा. तेलकट धूळ बसलेली असेल तर जुना किरकोळ पाझर, थेंब पडत असतील तर खर्च. सगळं अगदी धुऊन लख्ख केलं असेल तर चालवून आल्यावर पुन्हा खाली झोपायचं.

प्रोपेलर शाफ्ट हाताने धरून फिरवा, क्रॉसमध्ये (त्याच्या सांध्यात) खडखड नको. पुढची चाकं जॅकवर उचलून वर-खाली आणि आडवी हलवा. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रिमोल्ड टायर मागे चालवतात लोक, पण भाव बोलताना तो नवा टायर म्हणून धरू नका. पुढचा टायर एकाच कडेने गोटा झालेला असेल तर अलाइनमेंट किंवा त्याहून मोठं काहीतरी.

पुराची गाडी: २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ ला चिपळूणला पाण्यात गेलेल्या गाड्या पुढे बाजारात आल्या, आणि दर पावसाळ्यात नव्या येतात. सीटखालचे नट-बोल्ट, फ्यूज बॉक्सचे कोपरे, डॅशबोर्डच्या आतल्या वायरिंगवर बारीक चिखलाची पूड बघा. सीट कव्हर आणि मॅट नवं असेल तर उचलून बघाच.

चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी एकेक अक्षर जुळवा. खरवडलेला किंवा पुन्हा पंच केल्यासारखा वाटला तर तिथेच विषय संपला.

## टप्पा ६: लोड भरून चालवा

रिकामी पिकअप सगळ्यांनाच चांगली वाटते. आग्रह धरा, निदान ७००-८०० किलो भरून, चढ असलेल्या रस्त्यावर, वीस-पंचवीस किलोमीटर. विकणाऱ्याकडे माल नसेल तर तुमच्याकडच्या गोण्या भरा. "कशाला, पाच मिनिटं फिरवून आणा" म्हणतील, पण क्लच, टेम्परेचर आणि ब्रेक पाच मिनिटांत काहीच सांगत नाहीत.

चढावर तिसऱ्या गिअरला ॲक्सिलेटर दाबा. इंजिनचा आवाज चढतोय आणि गाडी तेवढी उचलत नाही, म्हणजे क्लच स्लिप होतोय. ॲक्सिलेटर एकदम सोडल्यावर गिअर सुटून न्यूट्रल होतो का बघा. पन्नास-साठच्या स्पीडला मागून हूं हूं असा एकसारखा आवाज येत असेल तर हाऊजिंगमधले क्राऊन पिनियन गिअर किंवा बेअरिंग. मोकळ्या सरळ रस्त्यावर आधी वेग कमी करून मग ब्रेक जोरात लावा, गाडी एका बाजूला ओढायला नको. टेम्परेचरचा काटा मध्याच्या वर चढून तिथेच राहिला तर कारण कळेपर्यंत व्यवहार नाही. मागून कोणाला तरी मोटरसायकलवर येऊ द्या, गाडी तिरकी चालत असेल तर मागच्यालाच दिसतं.

परत आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. गरम इंजिन आयडलवर असताना ऑइलचा दिवा लुकलुकतोय का? लुकलुकला तर बहुतेक क्रँकचे बेअरिंग किंवा ऑइल पंप, मोठा खर्च. ऑइल कॅपची चाचणी पुन्हा करा. मग बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारा, थंड असताना लगेच लागणारी गाडी गरम झाल्यावर लांब सेल्फ खात असेल तर इंजेक्टर-पंपाकडे बघायला लागतं. बीएस ६ गाडी असेल तर डॅशवर डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) किंवा चेक इंजिनचा दिवा पेटून राहायला नको.

मिस्त्री कोणाचा: तुमचा. विकणाऱ्याच्या ओळखीचा नाही, एजंटने आणलेला तर नाहीच. आणि त्याला सांगा, गाडी घेतली काय, सोडली काय, तुझे पैसे ठरलेले. नाहीतर व्यवहार झाल्यावर कमिशन मिळणार असेल तर तो नाही कसं म्हणेल?

## टप्पा ७: घ्यायची, सोडायची की भाव पाडायचा

आता गाडीपासून लांब जा, चहा घ्या, मिस्त्रीबरोबर कागदावर लिहा.

सोडायची: चासीला तडा किंवा पट्टी, नंबरात गडबड, पुरातली, मीटर फिरवलेला, मूळ मालक सापडत नाही. इथे भाव कितीही पडू दे, नाही म्हणजे नाही.

भाव पाडायचा: क्लच, टायर, पाटे, ब्रेक, बॅटरी, इंजेक्टर, किरकोळ गळती. प्रत्येकाचा मिस्त्रीने सांगितलेला खर्च मांडा, बेरीज करा आणि तेवढे मागा. "जरा कमी करा" म्हटलं तर दोन-पाच हजार सुटतात, यादी समोर ठेवली तर समोरचाही नीट बोलतो.

ऑइल कॅपच्या चाचणीत इंजिनला थोडंफार प्रेशर जाणवतंय पण चासी, कागद सगळं चोख आहे, अशी गाडी मी तरी सोडायला सांगत नाही. इंजिन बांधण्याचा पूर्ण खर्च किमतीतून वजा होत असेल तर घ्या, निदान आत काय टाकलंय ते तुम्हाला माहीत असेल. उलट "नुकतंच इंजिन बांधलंय" म्हणतात तिथे स्पेअर पार्टची बिलं मागा, तारीख आणि किलोमीटरसकट.

## टप्पा ८: पैसे आणि नावावर करणं

इसार द्यायचा तर आता, आणि कागदावर. किती दिला, बाकी कधी, काय राहिलंय, ते न झाल्यास इसार परत, असं लिहून दोघांच्या सह्या. मोठी रक्कम बँकेतून आणि आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात.

गाडी घेताना ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा. सकाळी झालेलं चलन किंवा अपघात संध्याकाळच्या मालकाच्या गळ्यात पडायला नको. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, मालकाचा ओटीपी लागणारा मोबाईल चालू आहे ना ते त्याच्यासमोरच बघा. घेणाऱ्याला ३० दिवसांत आरटीओत कळवायचं असतं, पण मुदतीची वाट कशाला बघता, त्याच आठवड्यात अर्ज टाका. जमलं तर वीस-पंचवीस हजार ट्रान्सफर होईपर्यंत राखून ठेवायचं आधीच ठरवून घ्या.

इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत नावावर करायला टाका. थर्ड पार्टी आपोआप गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम जुन्या नावावर अडकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल.

लायसन्सचं विचारतात बरेच जण. नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. पिकअप त्यात बसते.

## टप्पा ९: घरी आणल्यावर, पहिली फेरी मारायच्या आधी

इंजिन ऑइल, गिअर ऑइल, हाऊजिंगचं ऑइल, कूलंट, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर सगळं बदला, जुन्या मालकाने कालच बदललं म्हणाला तरी. ब्रेक उघडून बघा. ज्या मॉडेलला टायमिंग बेल्ट आहे आणि बदलल्याचं बिल नाही, तिथे बेल्टही बदला, तो तुटला तर वाचवलेले सगळे पैसे इंजिनमध्ये जातात. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये दर दोन-तीन दिवसांनी सकाळी डिपस्टिक आणि कूलंटची लेव्हल वहीत लिहून ठेवा. ऑइल किती खाते ते त्यावरूनच कळेल, आणि तोपर्यंत रात्रीची लांबची भाडी घेऊ नका.